ओटीपोटातला वेळ

१९२१ सालचा मार्गशीर्ष आहे आणि तुम्ही भिवपुरीच्या डोंगराच्या पायथ्याशी उभे आहात. भात झोडून झालंय, खळ्याच्या कडेला पेंढ्याच्या उडव्या रचल्यात. वर ठोकरवाडीला आंध्रा नदी अडवली जातेय आणि तिचं पाणी सह्याद्रीच्या उभ्या उतारावरून खाली आणायला लोखंडी नळ टाकायचं काम चाललंय. पुढच्या वर्षी, १९२२ला, टाटांचं वीजघर सुरू होईल आणि इथली वीज मुंबईला जाईल. आज मात्र मजुरांच्या वस्तीत रॉकेलच्या चिमण्या जळताहेत.

त्यातल्या एका झोपडीत शिरा. असल्या बाळंतपणांची नोंद कुणी ठेवली नाही, म्हणून ही बाई कल्पनेतूनच बघायची आहे. तिचं तिसरं बाळंतपण. मूल रडलंय, वारही पडलीय. म्हातारी सुईण बाळंतिणीच्या बेंबीखाली हात दाबून बसलीय आणि तिचा चेहरा उतरलाय.

"बाय गं, पोटाचा गोळा होत नाही तुझ्या," ती पुटपुटते.

म्हातारीला अडाणी म्हणू नका. ती पोट चोळतेय, मुलाला लगेच छातीशी लावायला सांगतेय, आणि दोन्ही गोष्टी अगदी बरोबर आहेत. चोळल्याने गर्भाशय आवळतं. मूल चोखू लागलं की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, त्यानेही ते आवळतं. हा गोळा का व्हायला हवा, ते बघायला तुम्हाला आत उतरावं लागेल.

बेंबीच्या जवळपास, पाठीच्या मणक्यांपुढे, हृदयाकडून आलेली महारोहिणी दुभंगते. एक फाटा उजवीकडे, एक डावीकडे. तुम्ही डावा धरा. थोडं पुढे, माकडहाडाच्या वरच्या रुंद हाडाचा कंबरेच्या हाडाशी सांधा आहे, तिथे हा फाटा पुन्हा दुभंगतो. बाहेरचा पायाकडे जातो, आतला ओटीपोटाच्या पोकळीत उतरतो. त्या आतल्या फाट्याचीच एक शाखा म्हणजे गर्भाशयाची रोहिणी. गर्भाशयमुखापासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरवर ती मूत्रवाहिनीला वरून ओलांडते. शस्त्रक्रिया शिकणाऱ्या प्रत्येकाला ही जागा शिक्षक पुन्हा पुन्हा दाखवतात, कारण घाईत रोहिणीबरोबर मूत्रवाहिनीही चिमट्यात सापडू शकते.

एरवी नाजूक असलेली ही रोहिणी नऊ महिन्यांत फुगलीय. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त वाहतं आणि तिच्या अंगात सगळं मिळून पाच-सहा लिटर असतं. वार सुटली की तिच्यामागच्या शेकडो रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. निसर्गाने त्यावर केलेला उपाय मला कितीही वेळा वाचला तरी थक्क करतो. गर्भाशयाच्या भिंतीत स्नायूंचे धागे एकमेकांत आडवेतिडवे विणलेले असतात आणि वाहिन्या त्या विणीतून येतात. स्नायू आवळले की प्रत्येक वाहिनीला आपोआप गाठ बसते. हाच सुईणीचा गोळा. तो झाला नाही तर रक्त सहसा थांबत नाही.

या झोपडीत तो होत नाहीये. रक्त पेंढ्यात, जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत आणि शेणाने सारवलेल्या जमिनीत मुरतंय. मुरलेलं रक्त डोळ्यांना नेहमी असतं त्यापेक्षा कमी दिसतं. घरच्यांना वाटतं, विटाळ जातोय, जाऊ दे. उपचार न मिळाल्यास अशी बाई दोन तासांच्या आसपास दगावू शकते.

तुम्ही विसाव्या शतकात आहात, हे विसरू नका. यापूर्वी २८ वर्षं, १८९३ला, अमेरिकेत बाल्टिमोरला हॉवर्ड केली यांनी गर्भाशयाच्या कर्करोगाच्या रोग्यावर शस्त्रक्रिया करताना रक्त थांबवायला दोन्ही बाजूंच्या त्या आतल्या फाट्यांना गाठ मारली होती. तो फाटा बांधला तरी गर्भाशय मरत नाही. बीजकोशाची रोहिणी थेट महारोहिणीतून येते. कंबरेच्या, माकडहाडाजवळच्या आणि गुदाशयाच्या वाहिन्या आडवाटांनी रक्त पोचवतात. जोर तेवढा ओसरतो आणि रक्ताला गोठायला उसंत मिळते. अशा बाईला पुढे मूलही होऊ शकतं. मुंबईत स्त्रियांसाठीचं कामा रुग्णालय १८८६पासून उभं आहे. पण इथून झोळी करून कर्जत गाठायचं, तिथे गाडीची वाट बघायची, मग मुंबई. रक्तपेढ्या अजून निघायच्या आहेत. पहाटे बाई गेलेली असते.

आणखी एका झोपडीत थांबा, फार वेळ नको. इथली पोरगी अंगाने लहान, कंबर अरुंद, आणि कळा सुरू होऊन दुसरा दिवस मावळलाय. बाळाचं डोकं मध्येच अडकलंय. पुढे ओटीपोटाचं हाड, मागे बाळाचं डोकं, दोन्हींच्या मध्ये तिचं मूत्राशय आणि योनीची भिंत चेपली जातेय. चेपलेल्या भागाला रक्त मिळत नाही आणि काही दिवसांनी तो झडतो. मग मूत्र कायमचं योनीतून झिरपू लागतं. मागच्या बाजूला कंबरेतून पायाकडे निघालेली जाड नस ओटीपोटाच्या काठावरून खाली उतरते, तीही हाडावर दाबली जातेय. उद्या ही पोरगी उठायला जाईल तेव्हा एक पाऊल लोंबेल, फरफटेल. गावात म्हणतील, बाहेरचं झालं. खरं तर तिच्या नसेवर तासन् तास दाब होता, एवढंच.

आता पुढे सरका, थेट २००३ला, बेळगावच्या खेड्यांत. एका प्रसूतीच्या वेळी परिचारिकेने बाळंतिणीखाली प्लॅस्टिकचं कापड सरकवलंय. त्याला पन्हळीसारखा निमुळता खिसा आहे आणि खिशावर मिलिलिटरच्या खुणा. भिवपुरीच्या पेंढ्यात जे मुरून गेलं ते इथे समोर दिसतंय, आकड्यात. जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉक्टर आणि त्यांचे परदेशी सहकारी २००२ ते २००५ या काळात इथे १,६२० बायकांचा अभ्यास करताहेत. निम्म्या बायकांना मूल जन्मताच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडावाटे दिल्या जातात, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या. हे औषध गर्भाशय आवळतं. त्याला इंजेक्शन लागत नाही, फ्रीज लागत नाही. औषध न मिळालेल्यांत १२ टक्के बायकांना जास्त रक्तस्राव झाला, मिळालेल्यांत ६.४ टक्के. लिटरभर किंवा त्याहून जास्त रक्त गेलेल्या बायका १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आल्या. २००६ला हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. माझ्या मते गेल्या पाव शतकातल्या ग्रामीण वैद्यकातलं हे फार मोठं काम आहे, आणि ते मराठी बोलणाऱ्या बायकांच्याही दारात झालं.

शेवटचा मुक्काम तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. इथे तुम्हाला वाहत्या रक्ताची घाई नाही. ओटीपोटाच्या भिंतीलगत, मांड्या जवळ आणणाऱ्या स्नायूंच्या नसेला चिकटून, लसीकाग्रंथी असतात. गर्भाशयमुखातून निघालेली लसीका तिथे आणि मोठ्या वाहिन्यांच्या कडेच्या ग्रंथींत झिरपत जाते, तिथून वर महारोहिणीकडे. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतेकदा याच वाटेने चढतो. पण त्याआधी तो कित्येक वर्षं जागच्या जागी तयार होत असतो, आणि तेवढी वर्षं आपल्या हातात असतात. १९९९पासून बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचं टाटा स्मृती रुग्णालय यांनी इथल्या खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांना अभ्यासात घेतलं. २००९ला निकाल आला. ज्या गटाची हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूसाठी चाचणी झाली, आयुष्यात फक्त एकदा, त्या गटातले या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळजवळ निम्मे झाले.

म्हणून परत येताना एवढं करा. घरात गरोदर बाई असेल तर तिचं हिमोग्लोबिन आत्ताच तपासा, बाळंतपण दवाखान्यातच करा, आणि बाळंतिणीचा पोटाचा गोळा लागत नसेल किंवा रक्त थांबत नसेल तर सकाळची वाट न बघता १०८ला फोन करा. तुम्हाला रक्त देता येत असेल तर द्या. ऐन वेळी बाटली जवळ असावी लागते. आणि आई, बहीण, बायको, वहिनी, जिने तिशी ओलांडलीय तिला गर्भाशयमुखाच्या तपासणीला घेऊन जा. काही त्रास नसतानाच जायचं असतं.