वर्गणी वाडीची, फाईल अलिबागची

कर्जत-खालापूरकडच्या जिल्हा परिषद शाळांत मान वर करून पाहिले की बऱ्याचदा पंख्याच्या पात्यावर ऑइलपेंटने लिहिलेले नाव फिरताना दिसते, कुणाच्या तरी ‘स्मरणार्थ’ असे. पाण्याच्या टाकीवर मुंबईच्या एखाद्या क्लबचे चिन्ह असते, संगणकाच्या खोलीवर कंपनीचे, आणि व्हरांड्यातल्या फलकावर देणगीदारांची यादी. शिक्षण खात्याच्या भाषेत याला लोकसहभाग म्हणतात. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयानंतर शाळा डिजिटल करण्याची लाट आली आणि हा शब्द प्रत्येक अहवालात जाऊन बसला. जणू त्याआधी सरकार एकटेच शाळा चालवत होते आणि गाव बाजूला उभे राहून बघत होते. वस्तुस्थिती उलट आहे. उल्हास आणि पाताळगंगेच्या या खोऱ्यांत सरकारी शाळा पहिल्यापासून लोकांच्या खिशावर आणि अंगमेहनतीवर उभी आहे. पावणेदोनशे वर्षांत पुन्हा पुन्हा बदलला तो शाळेबद्दलचा निर्णय कुणी घ्यायचा हा मुद्दा, आणि माझ्या मते शाळा चालली की बंद पडली हे वर्गणीच्या रकमेपेक्षा या मुद्द्यावरच जास्त ठरत गेले.

जुनी गावठी शाळा पंतोजीची. गाव त्याला धान्य, थोडे पैसे, सणावाराला शिधा देई; न पटल्यास देणे बंद करी. तिथे काय शिकवत, कुणाला शिकवत, हा भाग फारसा गौरवाचा नाही, पण देणाऱ्याच्या हाती काहीतरी होते. मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनने १८५२ मध्ये अंशतः स्वावलंबी शाळांची पद्धत आणली: मास्तरचा निम्मा पगार गावाने द्यावा, जागा आणि सामान गावाने पुरवावे, शिवाय मुलांनी फी भरावी, मग सरकार उरलेला निम्मा पगार देईल. ऐकायला ही भागीदारीच. प्रत्यक्षात मास्तर कोण, पुस्तक कोणते, तपासणी कशाची, हे सगळे सरकार ठरवणार. ‘स्वेच्छेने’ द्यायची रक्कम मामलेदाराच्या दबावानेच गोळा होऊ लागली, आणि काही वर्षांत सरकारलाच ही पद्धत सोडावी लागली. तिच्या जागी १८६३ पासून लोकल फंडाचा उपकर आला, त्याला १८६९ च्या कायद्याने आधार मिळाला. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा, त्यातला एक तृतीयांश शिक्षणाला, बाकीचा रस्ते आणि इतर स्थानिक कामांना. आता गावाला विचारण्याचाही प्रश्न उरला नाही. साऱ्याबरोबर आणा कापला जाई आणि शाळा भलत्याच गावात निघे. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात नेमके यावर बोट ठेवले होते. शिक्षणासाठी म्हणून खास कर घेऊनही इलाख्यातल्या दहापैकी नऊ गावांत प्राथमिक शिक्षणाची काहीच सोय नाही, अशी त्यांची तक्रार होती. कर्जत तालुका त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होता. खालापूर हा त्याचाच पेटा, म्हणजे पोटविभाग. १८९१ मध्ये तालुका कुलाबा जिल्ह्याला, म्हणजे आजच्या रायगडला, जोडला गेला आणि कारभाराचे ठाणे अलिबागला गेले. कर्जतकर १८५६ पासून आगगाडीने मुंबईशी बांधलेला, त्याचा बाजार कल्याणचा, नोकरी गिरणीतली. आणि कागद मात्र खोपोली-पेणवरून समुद्रकाठी जायचा. ही तिरकी घडी आजही मोडलेली नाही.

१९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा लोकल बोर्डांकडे आल्या. कागदावर हा लोकांचा कारभार, पण मताचा हक्क मालमत्तेवर अवलंबून होता. ज्यांच्या मुलांना शाळा हवी होती, त्यांच्यातल्या बहुतेकांना मतच नव्हते. दुसरी अडचण त्याहून जुनी आणि घरातली. भाताच्या एकपिकी मुलखात पावसाळा सुरू होताना कणगी रिकामी होते. कुळ, ठाकूर, कातकरी सावकाराकडून खावटी काढतो, आणि झोडणी झाली की तेच भात सवाईने किंवा दिढीने परत घालतो. फेड पुरी झाली नाही तर पोरगा गुरांमागे किंवा गड्यागिरीला जातो. अशा घरातल्या मुलाला पाटी-पेन्सिल फुकट दिली तरी फरक पडत नाही, कारण त्याचा दिवसच गहाण पडलेला असतो.

हे गणित या मुलखात ज्याने नीट ओळखले तो माणूस शिक्षण खात्याचा नव्हता. माथेरानात १ डिसेंबर १९१२ रोजी नाभिक कुटुंबात जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले आणि खाली कर्जत तालुक्यात उतरले. त्यांची भूमिगत तुकडी आझाद दस्ता, तोडलेल्या वीजवाहिन्या आणि २ जानेवारी १९४३ च्या पहाटेचे सिद्धगडावरचे हौतात्म्य यांमुळे भाई कोतवाल सर्वांना माहीत आहेत. त्याआधीची त्यांची दोन कामे समारंभांच्या भाषणांत एका वाक्यात उरकली जातात: खेडोपाडी काढलेल्या व्हॉलंटरी शाळा आणि शेतकऱ्यांसाठी उभारलेले धान्यकोठार. मला ही दोन कामे वेगळी वाटत नाहीत. कोठारातून खावटी मिळू लागली की सावकाराचा फास सैल होतो, आणि फास सैल झाला की पोरगा शाळेत बसू शकतो. शिवाय कोठारात भात घालणारा शेतकरीच, काढणारा तोच, हिशेब ऐकणाराही तोच. तशीच शाळाही त्याची. सरकारी योजनेत वर्गणी आणि अधिकार यांची जी फारकत झाली होती, ती इथे थोड्या काळासाठी मिटली. ४२ च्या चळवळीने आणि त्यानंतरच्या दडपशाहीने हे काम तोडले, त्यामुळे ते किती टिकले असते हे सांगता येणार नाही. पण बीज वाया गेले नाही. पुढे कर्जत तालुक्यातल्या कशेळे येथील अ‍ॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी वाड्यांत धान्य बँका चालवल्या, त्यामागे हाच विचार होता.

स्वातंत्र्यानंतर १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने आणि मग १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदेने चित्र पालटले. पगार सरकारने उचलला, शाळा वाढल्या, फी गेली. याचे मोल कमी लेखणे कृतघ्नपणाचे होईल. कर्जतमधल्या खांडस किंवा पाथरजच्या पट्ट्यात वर्गणीच्या भरवशावर इतक्या शाळा कधीच निघाल्या नसत्या. पण पैशाबरोबर गावाचा शब्दही गेला. शिक्षकाची बदली, वर्गखोली, दुरुस्ती, सगळे अलिबागला ठरू लागले. साताऱ्यात १९५९ मध्ये सुरू होऊन राज्यभर गेलेल्या ग्रामशिक्षण मोहिमेने गावाला पुन्हा हाक मारली. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. समारंभ झाला आणि रोजच्या वापराला वाचायचे काही नसले की अक्षरे विरून जात. १९७२ च्या सुमारास शासकीय आश्रमशाळांची योजना आली, तेव्हा तर अधिकाराचे आणखी एक केंद्र निघाले. वाडीतली चौथीपर्यंतची शाळा अलिबागच्या हाताखाली, आणि पुढे पाथरज, भालिवडी किंवा डोलवलीच्या आश्रमशाळेत गेलेले तेच मूल पेणच्या प्रकल्प कार्यालयाच्या हाताखाली. आईबापांनी नेमके कोणत्या दारात उभे राहायचे?

इथे एक आक्षेप येतो, आणि तो फेटाळण्यासारखा नाही. गावाच्या हाती अधिकार दिला तर तो गावातल्या कुणाच्या हाती जातो? १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत महार मुलाला प्रवेश नाकारला गेला तो ‘लोकांची’ मर्जी सांभाळण्यासाठीच. याच कुलाबा जिल्ह्यात १९२७ साली महाडचे तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने केलेला असूनही पाणी पिणाऱ्यांवर हल्ला झाला. दूरचा साहेब पुष्कळदा जवळच्या पाटलापेक्षा बरा, हे दलित आणि आदिवासींनी अनुभवाने शिकलेले शहाणपण आहे. शिवाय इथे गाव म्हणजे एक वस्ती नव्हे. महसुली गाव खाली रस्त्यालगत, आणि ठाकूरवाडी, कातकरवाडी डोंगराच्या सोंडेवर. ग्रामपंचायत एकच, पण वाडीच्या माणसाला बैठकीत बसायला जागा दाराजवळ. तेव्हा ‘समाजाचा सहभाग’ असे सरधोपट म्हणून चालत नाही. माझे उत्तर इतकेच की आक्षेप अधिकार देण्यावर नसून तो चुकीच्या पातळीवर देण्यावर आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने याची दखल घेतली. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना, निम्म्या सदस्य स्त्रिया, आणि वंचित गटांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान. ही समिती गावाची नाही, त्या शाळेतल्या मुलांच्या आईबापांची. वाडीच्या शाळेची समिती म्हणजे वाडीच.

या रचनेत काय शक्य आहे ते दुपारच्या जेवणात दिसते. १९९५ ला योजना आली तेव्हा महिन्याला तीन किलो तांदूळ घरी नेण्यापुरतीच ती होती. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न द्यावे लागले आणि वाड्यांत चूल पेटली. बचत गटातली किंवा मुलांपैकीच कुणाची तरी आई खिचडी रांधते. तांदळाला किडे लागले तर तिला कळते, कोण दोन दिवस आले नाही तेही तिलाच आधी कळते. राज्यात या बाईचे मानधन २०२३ मध्ये महिना २,५०० रुपये झाले, वर्षातून दहाच महिने. व्यवस्थेतला वाडीला सर्वांत जवळचा माणूस सर्वांत स्वस्त ठेवायचा, ही आपली भागीदारी! तरीही ही साखळी चालते, कारण रोजच्या निर्णयांतला एक तुकडा तिच्या हातात आहे.

याउलट कंपनीची भागीदारी. खोपोलीत टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. १९६० नंतर रसायनी, पुढे पाताळगंगेचा पट्टा, असा खालापूर कारखान्यांनी भरला. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे भाग पडले, आणि शाळेची रंगरंगोटी, शौचालये, टॅब यांना पैसा आला. शौचालय कुणी बांधले याचे मुलींना देणेघेणे नसते, ते चालू असले पाहिजे. या पैशाची हेटाळणी करण्यात अर्थ नाही. माझी हरकत क्रमावर आहे. कायद्याप्रमाणे शाळेचा विकास आराखडा समितीने करायचा असतो. प्रत्यक्षात देणगीदार जे देऊ इच्छितो तेच शाळेची गरज म्हणून लिहिले जाते, आणि वीजबिल थकून मीटर तुटले की टॅब कपाटात पडून राहतात. सप्टेंबर २०२३ च्या दत्तक शाळा योजनेने तर देणगीदाराला शाळेच्या नावाला आपले नाव जोडण्याची मुभा दिली. त्याच महिन्यात वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळांच्या जागी समूह शाळांचा प्रस्ताव पुढे आला. एका कागदावर शाळा दत्तक द्यायची आणि दुसऱ्यावर ती उचलून न्यायची. दोन्हीकडे वाडीचे मत कुठे घ्यायचे याचा रकाना नाही.

खर्चाचा हिशेब मांडणारे म्हणतील, सात मुलांना दोन शिक्षक परवडतात का? मैदानी मुलखात हा प्रश्न रास्त असेल. डोंगरात अंतर किलोमीटरवर मोजून भागत नाही. पावसात ओढा भरला की पलीकडची शाळा त्या दिवसापुरती नाहीशी होते. आणि वाडीतली शाळा ही तिथली बहुधा एकमेव सार्वजनिक इमारत असते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या चौक गावाजवळ इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले. त्या रात्री शाळेच्या इमारतीत मोबाइलवर खेळत बसलेली काही पोरे वाचली आणि खाली खबर गेली. आश्रमशाळेत राहणारी मुले वाचली, पण त्यांतल्या काहींचे आईबाप गेले. पटसंख्येच्या तक्त्यात या इमारतीचे मोल मुलांच्या आकड्याइतकेच भरते.

सर्वांत मोठा प्रश्न मात्र इमारतीचा नाही, पंचांगाचा आहे. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर जातात, ती पाऊस तोंडावर आल्यावर परततात. जाताना मालकाची उचल अंगावर असते, म्हणजे कोतवालांच्या काळातली खावटीच, फक्त रूप नवे. मुले बरोबर जातात. नोव्हेंबर ते मे हा शाळेचा खरा अभ्यासाचा काळ, आणि त्या मुलांचा भट्टीवरचा. ठाणे जिल्ह्यात श्रमजीवी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी भट्टीवरच, मजुरांच्या भोंग्यांत म्हणजे झोपड्यांत, भोंगाशाळा काढल्या, सरकारने हंगामी वसतिगृहांची तरतूद केली; दोन्ही उपाय मुलांमागे धावणारे. पण शिक्षण हक्क कायद्याचे नववे कलम स्थानिक प्राधिकरणावर दोन कामे सोपवते: स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांचा प्रवेश पक्का करणे आणि शैक्षणिक दिनदर्शिका ठरवणे. जिल्हा परिषदेला हा अधिकार आहे. वाडीवरच्या समितीने उचल, भट्टी आणि परतीचा महिना मांडून आपल्या शाळेचे वर्ष आखून पाठवले, तर ते फेटाळण्यासाठी अलिबागला कायद्यात आधार शोधावा लागेल. त्या आखणीला वर्गणी एक रुपयाही लागत नाही.