नटबोल्टचं घराणं

ढोलकी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार लाकूड आणि शाई यांबद्दल नंतर विचारतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो: दोरीची दाखवू, की नटबोल्टची? अंधेरी-बोरिवली असो की घाटकोपर-मुलुंड, भजनी मंडळांत, बेंजो पार्ट्यांत आणि हळदीच्या ऑर्डरी घेणाऱ्यांकडे नटबोल्टवाल्या ढोलक्या सर्रास दिसतात. दोरी आणि तिच्यात ओवलेल्या कड्या गेल्या. त्यांच्या जागी तोंडाभोवती लोखंडी कडं, कड्याला अडकवलेले हूक आणि आटे पाडलेल्या सळया आल्या. सूर उतरला की खिशातला पाना काढायचा, नटाला अर्धा वळसा द्यायचा, मग त्याच्या बरोबर समोरचा नट तेवढाच फिरवायचा. ओळीने एकामागून एक नट आवळत गेलं, तर कडं तिरकं बसतं आणि पुडी एका अंगाला बोलते, दुसऱ्या अंगाला मुकी राहते.

हे लोखंड ढोलकीचं नव्हे. ते आलं ड्रमसेटकडून, आणि ड्रमसेटकडे ते आलं लष्करी बँडकडून. या घराण्याची गंमत अशी की त्यात वाद्यांपेक्षा लोहारकामाचा इतिहास मोठा आहे. कातडं ताणून त्यावर काठी मारणं माणसाला हजारो वर्षं येतं. ड्रमसेटमध्ये नवं काय असेल, तर ते पेडल, स्टँड, क्लँप आणि स्क्रू. मुंबईच्या उपनगरांनी उचललं तेही मुख्यतः हेच. ड्रम त्यांनी बऱ्याचदा तिथेच ठेवला.

युरोपातले जुने ढोल दोरीनेच ताणलेले असत. दोरीवर कातड्याच्या पट्ट्या सरकवून ताण कमीजास्त करायचा, म्हणजे आपल्या कड्यांचीच युक्ती. लंडनच्या कॉर्नेलियस वॉर्डने 1837 साली ढोलाला स्क्रूने ताण देण्याची पद्धत आणली. पुढे ढोलाच्या अंगावर नट धरून ठेवणारे धातूचे तुकडे बसले, ते ‘लग’. त्यांत फिरणारी सळी म्हणजे ‘रॉड’, आणि कातड्याला दाबून धरणारं कडं म्हणजे ‘हूप’ किंवा ‘रिम’. रॉड फिरवायच्या चौकोनी तोंडाच्या किल्लीला आपल्याकडे सरळ ‘चावी’ म्हणतात.

मोठा ढोल आणि झांजा युरोपच्या लष्करी बँडमध्ये शिरल्या तुर्की सुलतानांच्या जानिसारी सैनिकांच्या वाद्यवृंदावरून, अठराव्या शतकात. आजही ड्रमसेटवरच्या झांजांत सगळ्यांत मानाचं नाव आहे झिल्जियान. इस्तंबूलच्या या आर्मेनियन कुटुंबाचा कारखाना आपली स्थापना 1623 ची सांगतो, आणि 1929 पासून तो अमेरिकेत आहे. लष्करी बँड इंग्रजांबरोबर हिंदुस्थानात आला. पलटणीतून तो संस्थानिकांकडे आणि तिथून लग्नाच्या वरातीत उतरला. मेरठच्या नादिर अली कंपनीचं नाव या धंद्यात 1885 पासून आहे. या बँडमध्ये मोठा ढोल एकाकडे, साइड ड्रम दुसऱ्याकडे आणि झांजा तिसऱ्याकडे अशी वाटणी असे. चालायचं असल्यामुळे दुसरा इलाजही नव्हता.

अमेरिकेतल्या नाटकगृहांत आणि नाचाच्या हॉलमध्ये मात्र बँड बसून वाजवू लागला. जागा कमी, मालकाचा हात आखडता. तीन माणसांचं काम एकट्याने करावं, ही मागणी तिथे जन्मली. ढोलकऱ्यांनी आधी मोठा ढोल शेजारी ठेवून दोन्ही ढोल काठ्यांनीच वाजवून पाहिले. मग न्यू ऑर्लिन्सचा डीडी चँडलर 1896 च्या सुमारास घरी बनवलेलं पेडल पायाने चालवू लागला. हाती घेण्याजोगं, म्हणजे पायी घेण्याजोगं, पेडल दिलं ते शिकागोच्या विल्यम लुडविगने, 1909 साली. लुडविग स्वतः वादक. रॅगटाइमची चाल जलद झाली होती आणि वरून लोंबणारी जुनी पेडलं तिच्या मागे पडत होती. त्याने टोला खालून, जमिनीलगतच्या पट्टीवरून द्यायची सोय केली. त्याच वर्षी भाऊ थिओबाल्डला घेऊन त्याने कंपनी काढली. आजचं ‘किक’ पेडल याच घरातलं.

पाय मोकळा सापडल्यावर त्याला कामं लावण्याची चढाओढच लागली. उजवा ढोलावर अडकला होता, डावा रिकामा होता. 1920 च्या दशकात डाव्या पायाखाली दोन छोट्या झांजा आल्या. पट्टी दाबली की त्या एकमेकींवर आपटत. उंची जेमतेम नडगीपर्यंत, म्हणून नाव ‘लो-बॉय’. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावच्या वॉलबर्ग अँड ऑज या कारखान्याने त्याची नळी वाढवून झांजा कमरेच्या वर आणल्या, तेव्हा त्यांच्यावर काठीही मारता येऊ लागली. हा झाला ‘हाय-हॅट’. काउंट बेसीच्या बँडमधल्या जो जोन्सने सगळी लय या झांजांवर चालवून दाखवली आणि एका नळीच्या उंचीने जॅझची चालच बदलली. फ्रेंच लोक हाय-हॅटला अजून ‘शार्लेस्तोन’ म्हणतात, त्या काळच्या नाचावरून. लुडविग, स्लिंगरलँड, ग्रेच या मोठ्या नावांचं बरंचसं लोखंडी सामान वॉलबर्गच्या कारखान्यातून जात असे. ढोलावर कंपनीचं नाव ठसठशीत, स्टँड कुणाचा याची चौकशी नाही. वाद्यांच्या बाजारात ही रीत आजही तशीच आहे.

बाकीची नावंही अशीच पडत गेली. घंटा, शिट्ट्या, लाकडी ठोकळे, जे सापडेल ते ढोलाला टांगलेलं असे. त्या पसाऱ्याला ‘ट्रॅप्स’ म्हणत, आणि पसारा काढून टाकल्यावरही सेटला ते नाव चिकटून राहिलं. बसायच्या स्टुलाला ‘थ्रोन’, म्हणजे सिंहासन! मुंबईत त्याला स्टूलच म्हणतात, हे बरं आहे.

‘टॉम-टॉम’ची गोष्ट जरा थांबून सांगण्याजोगी आहे, कारण हे नाव इथूनच गेलं. हिंदुस्थानातल्या इंग्रजांनी देशी ढोलांना सरसकट टमटम म्हणायला सुरुवात केली. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या 1886 च्या प्रसिद्ध कोशात शब्दाची नोंद आहे. घोड्याच्या टमटमचा याच्याशी संबंध नाही. अमेरिकेत सेटवर बसलेले पहिले टॉम-टॉम होते चिनी: रंगीत चित्रांचे, कातडं खिळ्यांनी ठोकलेले. खिळे ठोकलेल्या ढोलाचा सूर लावणार कसा? 1930 च्या दशकात जॅझ ड्रमर जीन क्रूपाच्या आग्रहावरून स्लिंगरलँड कंपनीने दोन्ही तोंडांना रॉड बसवलेले टॉम केले. शब्द हिंदुस्थानी, ढोल चिनी आणि स्क्रू इंग्रजी कल्पनेचा, अशी ही जमवाजमव.

आणखी एक सामान लोखंडाचं नव्हतं, पण परिणाम त्याचाच मोठा झाला. कातडं दमट हवेत सैल पडतं, उन्हात ताणतं. महाराष्ट्रात हलगी वाजवण्याआधी जाळावर शेकून घेतात ती यासाठीच. 1950 च्या दशकात अमेरिकेत चिक इव्हान्स आणि रेमो बेली यांनी पॉलिस्टरच्या पातळ पापुद्र्याची, म्हणजे मायलारची, तोंडं बाजारात आणली. रेमोची कंपनी 1957 ची. मुंबईच्या भाद्रपदात, वरून सर येत असताना ज्याने कातडी ताशा वाजवला असेल, त्याला मायलारची किंमत समजावून सांगावी लागत नाही. आज ताशाचं पान आणि ढोलाचं पान बहुतेक ठिकाणी प्लास्टिक-फायबरचं असतं. आवाज कडक येतो, कानाला टोचतोही. पण गणपती पावसात जातात, त्याला कोण काय करणार?

अख्खा ड्रमसेट मुंबईत रुळला तो जॅझबरोबर. 1935 साली लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात आला. गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी ते वळण उचललं आणि तेच वादक रात्री हॉटेलात, दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवू लागले. पुणतांब्याच्या संगीतकार सी. रामचंद्रांनी ‘अलबेला’ सिनेमासाठी 1951 मध्ये ट्रंपेटवाल्या चिक चॉकलेटला जोडीला घेतलं. कावस लॉर्ड आणि त्यांची मुलं केरसी व बुजी यांनी तालवाद्यांचा सगळा परदेशी बाजार रेकॉर्डिंगच्या हॉलमध्ये आणला. ‘तीसरी मंज़िल’मध्ये, 1966 साली, शम्मी कपूर ड्रमरच झाला. मधल्या काळात ऑर्केस्ट्रावाल्यांनी ड्रमसेटला ‘जाझ’ म्हणायला सुरुवात केली होती. जाझवर कोण आहे, असं विचारलं की वादकाचं नाव सांगायचं. जॅझ नावाचं संगीत वाजवलं जात नसलं तरी.

उपनगरांतला ऑर्केस्ट्रा आणि बेंजो पार्टी यांना मात्र हा जाझ अवजड पडला. पाच ढोल, चार झांजा, सात-आठ स्टँड लोकलच्या डब्यातून न्यायचे कसे आणि चाळीच्या पटांगणात मांडायचे कुठे? म्हणून निवड झाली. क्यूबाची तुंबादोरा इथे ‘तुंबा’ झाली आणि स्टँडवर उभी राहिली. रेमो कंपनीचा रोटोटॉम ‘रोटो’ झाला. त्याला लाकडी पिंप नसतंच, नुसती चौकट आणि पान. तो फिरवला की सूर चढतो-उतरतो, कारण मधल्या दांड्याला आटे आहेत. अमेरिकन संगीतकार मायकेल कोलग्रास याचा त्याच्या घडणीत वाटा होता. बोरिवली-मुलुंडच्या नवरात्रात गरब्याच्या तालावर तुटून पडणाऱ्या मंडळींना हे नाव माहीत असण्याचं कारण नाही, पण रोटोचा तो चढता आवाज त्यांना चांगला ओळखीचा आहे.

आणि मग ऑक्टोपॅड. जपानच्या रोलँड कंपनीने 1985 साली आठ रबरी चौकोनांची पेटी काढली आणि तिला ऑक्टापॅड म्हटलं. तिच्यात स्वतःचा आवाज नव्हता. दोन वर्षं आधीच, 1983 मध्ये, ठरलेल्या मिडी पद्धतीने ती दुसऱ्या यंत्राला हुकूम सोडत असे. नंतरच्या पेट्यांत आवाज आतच आले. 1998 चं एसपीडी-20 हे मॉडेल तबला-ढोलकीसकट शेकडो आवाज घेऊन आलं आणि ऑर्केस्ट्राच्या रंगमंचावर पक्कं बसलं. कंपनी कोणतीही असो, मॉडेल कोणतंही असो, मराठी माणूस त्याला ऑक्टोपॅडच म्हणतो. रोलँडनेही 2010 च्या एसपीडी-30 वर ते जुनं नाव पुन्हा छापलं. ड्रमसेटमधले ढोल गेले, झांजा गेल्या. राहिला तो खालचा तिपायी स्टँड, त्याचा क्लँप आणि पंखांचा नट.

बेंजो पार्टीत ही पेटी चाकांच्या ट्रॉलीवर चढली. तिच्या पुढे जो बेंजो वाजतो तो खरं तर बुलबुल तरंग, म्हणजे नागोया शहरात 1912 साली गोरो मोरिता यांनी बनवलेल्या ताइशोगोतोचा भारतीय अवतार. त्यामुळे वेसावे कोळीवाड्याच्या हळदीत दोन जपानी वाद्यं कोळीगीत वाजवतात, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. ट्रॉलीचा सांगाडा चौकोनी नळ्या जोडून केलेला असतो: वर स्पीकर, मागे जनरेटर, बाजूला पॅड. पर्ल कंपनीने 1983 साली ड्रमर जेफ पोर्कारोच्या मदतीने सगळे ढोल एकाच चौकटीवर टांगणारा ‘रॅक’ काढला होता. ट्रॉलीवाल्याने तो पाहिला असेल-नसेल, पण अडचण तीच होती आणि उत्तरही जवळपास तेच निघालं. पर्लच्या रॅकला चाकं मात्र नव्हती.

एक गोष्ट या ट्रॉलीवर कधी नांदली नाही: पेडल. गोंधळी कमरेला संबळ बांधून एकटाच दोन तोंडं वाजवतो, तेव्हा एका माणसाने दोन ढोल ही कल्पना महाराष्ट्राला नवी नव्हती. पण त्याचे पाय चालायला आणि नाचायला मोकळे असतात. पेडल वाजवायचं तर माणूस स्टुलाला खिळतो. ऑर्केस्ट्राच्या रंगमंचावर हे जमतं. तिथे ऑक्टोपॅडवाला पायाखाली किकचं पेडल घेऊन बसतो. रस्त्यावर नाही जमत. उदाहरणार्थ, अंधेरीचा राजा हा सार्वजनिक गणपती 1966 पासून बसतो. त्याचं विसर्जन अनंत चतुर्दशीला न होता नंतरच्या संकष्टीला वेसाव्याच्या किनाऱ्यावर होतं, आणि आझाद नगरपासून तिथपर्यंतची वाट चालतच कापायची असते. अशा मिरवणुकीत मोठा ढोल गळ्यात अडकवलेला माणूस वेगळा लागतो आणि साइड ड्रमवाला वेगळा. लुडविगच्या पेडलने अमेरिकेत ज्या ढोलकऱ्याची मजुरी वाचवली, तो मुंबईच्या उपनगरांत अजून आपलं वेगळं पाकीट घेतो.