स्मरणरंजन आणि व्यापारी वास्तू : लॉस अँजेलिसमधील ‘गूगी’ शैली

विसाव्या शतकाच्या मध्यास दक्षिण कॅलिफोर्नियात उभारलेल्या साध्या उपाहारगृहांविषयी पुढील पिढ्यांना विलक्षण ओढ वाटू लागली. ही ओढ म्हणजे निव्वळ स्मरणरंजन होय, असे मानले जाते. तथापि या वास्तूंचा इतिहास पाहता हे मत अपुरे ठरते.

जॉन लॉटनर या वास्तुशिल्पज्ञाने 1949 साली लॉस अँजेलिसमध्ये ‘गूगीज’ हे कॉफीगृह रचले. 1952 साली टीकाकार डग्लस हॅस्केल यांनी एका उपरोधिक लेखात या नावावरून संपूर्ण शैलीचेच नामकरण केले. झेपावणारी छपरे, काचेच्या प्रशस्त भिंती व निऑनच्या पाट्या ही तिची लक्षणे. त्यांचा उगम केवळ कलावंताच्या लहरीत नव्हता. वेगाने जाणाऱ्या मोटारचालकाचे लक्ष दुरूनच वेधावे, या व्यापारी गरजेतून वास्तूच जाहिरात बनली. लुई आर्मे व एल्डन डेव्हिस यांनी 1957 साली रचलेले ‘नॉर्म्स’ हे याचे ठळक उदाहरण होय.

ज्या कारणाने या वास्तू जन्मास आल्या, त्याच कारणाने त्या नष्टही झाल्या. रुची पालटताच जुने रूप विक्रीस मारक वाटू लागले. खुद्द ‘गूगीज’ 1989 साली पाडण्यात आले.

डाउनी येथील ‘मॅकडोनाल्ड्स’ मात्र टिकले. स्टॅन्ली मेस्टन यांनी रचलेल्या व 1953 साली उघडलेल्या या वास्तूच्या चालकांचा करार मूळ मॅकडोनाल्ड बंधूंशी होता. रे क्रॉक यांनी 1961 साली बंधूंचा व्यवसाय विकत घेतला. परंतु नव्या कंपनीचे नूतनीकरणाचे धोरण या दुकानास लागू झाले नाही. म्हणजे त्याच्या पिवळ्या कमानी प्रथम राखल्या त्या कराराने, स्मरणरंजनाने नव्हे. पुढे 1990 साली ते कंपनीच्या ताब्यात आले आणि 1994 च्या भूकंपानंतर बंद झाले. त्या वेळी मात्र संरक्षणवाद्यांनी व नागरिकांनी आवाज उठविला, आणि 1996 साली ते पुन्हा उघडले.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. स्मरणरंजन वास्तू निर्माण करीत नाही; योगायोगाने उरलेल्या वास्तूस ते उशिरा मूल्य देते. दुसरे असे की, ते निवडक असते : त्यास निऑनचा झगमगाट आठवतो, त्यामागील विक्रीचा हिशेब आठवत नाही. डाउनीतीलच ‘जॉनीज ब्रॉइलर’ 2007 साली विनापरवाना बव्हंशी पाडले गेले व उरलेल्या भागांसह पुन्हा बांधून 2009 साली उघडले. अशा पुनर्रचनेने ग्राहकाची स्मृती तृप्त होते. परंतु मूळ साहित्य व त्यावरील बदलांच्या खुणा, म्हणजेच इतिहासाचा पुरावा, परत येत नाही. स्मृतीचे समाधान व पुराव्याचे जतन यांतील हा भेद ओळखणे, हेच अशा सामान्य वास्तूंच्या अभ्यासाचे पहिले कर्तव्य होय.