तडा, पोचा की ओरखडा? विमानाच्या तपासणीतील इंग्रजी आणि पोर्तुगीज शब्द

ब्राझीलची एम्ब्राएर ही १९६९ साली स्थापन झालेली कंपनी जगभरात विमाने विकते. त्यामुळे विमानाच्या देखभालीत इंग्रजी आणि पोर्तुगीज शब्द शेजारी शेजारी येतात. तपासणीत सापडलेल्या बिघाडाला नेमके नाव देणे महत्त्वाचे असते, कारण पुढची दुरुस्ती त्या नावावरून ठरते.

नेहमीचे शब्द

• तडा : इंग्रजीत क्रॅक. ब्राझीलमध्ये त्रिंका, पोर्तुगालमध्ये बहुधा फिसुरा.
• पोचा : डेंट, पोर्तुगीजमध्ये मॉसा.
• गंज व रासायनिक झीज : करोजन, कोरोझाँव.
• घासून होणारी झीज : वेअर, देझगास्ते.
• गळती : लीक. ब्राझीलमध्ये वाझामेंतो, पोर्तुगालमध्ये फुगा.
• सांध्यातील सैलपणा : प्ले, फॉल्गा. फॉल्गा म्हणजे सुट्टीचा दिवससुद्धा!

गोंधळ कुठे होतो?

पोर्तुगीजमध्ये नुकसानीला दानो म्हणतात आणि त्याचे अनेकवचन दानोस सर्रास वापरतात. इंग्रजीत मात्र डॅमेज हा शब्द एकवचनीच चालतो. दानोसचे डॅमेजेस केले, तर कायद्याच्या भाषेत त्याचा अर्थ नुकसानभरपाई होतो. उलट दिशेलाही अडचण आहे. ‘इन्स्पेक्ट फॉर डॅमेज’मधल्या ‘फॉर’साठी शब्दशः ‘पारा’ वापरून चालत नाही. तिथे ‘क्वांतू आ’, म्हणजे ‘च्या बाबतीत’, असे लिहितात.

एवढी काटेकोरता कशासाठी?

ओरखडा पृष्ठभागावर राहतो. तडा मात्र दर उड्डाणागणिक वाढू शकतो, कारण केबिनमधला हवेचा दाब प्रत्येक वेळी वाढतो आणि उतरतो. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चे छत उड्डाणात उडून गेले आणि एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला. त्या विमानाची ८९,६८० उड्डाणे झाली होती. रिव्हेटच्या छिद्रांपाशी पडलेले तडे देखभालीत वेळेत सापडले नव्हते. विमानात चढताना एका प्रवासी महिलेला बाहेरून तडा दिसला होता, पण तिने तो कोणाला सांगितला नाही, असेही चौकशीत पुढे आले.

हे गोंधळ टाळण्यासाठी विमान उद्योगाने सोप्या तांत्रिक इंग्रजीचे नियम ठरवले आहेत. त्यांचे मुख्य तत्त्व असे : एका शब्दाला शक्यतो एकच अर्थ. दुसऱ्या भाषेत भाषांतर करणाऱ्यालाही त्याचाच आधार मिळतो.