न दिसणाऱ्यांची मोजदाद

मुरुडच्या उत्तरेकडील डोंगरांत फणसाडचें जंगल पसरलेलें आहे. जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचें तें शिकारीचें राखीव रान होतें. सन १९४८ मध्यें संस्थान विलीन झालें, आणि १९८६ सालीं त्या रानास अभयारण्याचा दर्जा मिळाला. शिकाऱ्याची गणती सोपी असते. मारलेलें जनावर समोर पडलेलें असतें. राखणाऱ्याला मात्र जिवंत जनावरें मोजावयाचीं असतात, आणि तीं तर दृष्टीस पडत नाहींत.

वैशाखी पौर्णिमेच्या चांदण्यांत पाणवठ्याजवळ मचाणावर बसून जनावरें टिपण्याची रीत आपल्याकडे रूढ आहे. रीत मोठी रम्य खरी. परंतु एकच भेकर दोनदां पाण्यावर आलें तर तें दोन वेळां मोजलें जातें, आणि दुसऱ्याच झऱ्यावर गेलेलें अजिबात मोजलें जात नाहीं. मग न दिसलेल्यांचा हिशेब करावा कसा?

ही युक्ति मत्स्यशास्त्रानें दिली. डेन्मार्कचा शास्त्रज्ञ पेटरसन यानें समुद्रांतील चपट्या माशांस खुणा लावून सोडलें व १८९६ सालीं आपलें विवेचन प्रसिद्ध केलें. समजा, एका तळ्यांतील ४० मासे पकडून, खूण करून परत सोडले. कांहीं दिवसांनीं पुन्हा जाळें टाकलें. ५० मासे आले, त्यांत खुणेचे १० निघाले. म्हणजे पांचांत एक खुणेचा. तेव्हां ते ४० मासे हाही एकूण माशांचा पांचवा हिस्सा, आणि तळ्यांत सुमारें २०० मासे असावेत. अमेरिकेंत लिंकन यानें १९३० सालीं बदकांच्या पायांतील कड्यांवरून हाच हिशेब मांडला. अर्थात् खूण पुसली जातां कामा नये, मधल्या काळांत मासे बाहेरून येतां कामा नयेत, आणि एकदां पकडलेला मासा जाळ्यास बिचकूं लागला तर उत्तर चुकतें.

आपल्या देशांत ही गोष्ट केवळ गणिताची राहिली नाहीं. वाघ पूर्वीं पावलांच्या ठशांवरून मोजीत. राजस्थानांतील सरिस्काच्या रानांत वाघ आहेत असें कागद सांगत होते. २००५ सालीं शोध घेतला तों एकही उरला नव्हता. चुकीच्या आंकड्यानें वाघांचा नाश झांकला होता. त्यापूर्वींच उल्हास कारंत यांनीं कर्नाटकांतील नागरहोळ येथें आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे लावून ही नवी रीत अवलंबिली होती. वाघाचे पट्टे हीच त्याची जन्मजात खूण! सन २००६ पासून देशभर हीच पद्धत आली. मुंबईच्या बोरिवलीच्या रानांत २०१५ सालीं अशाच छायाचित्रांतील ठिपक्यांवरून ३५ बिबटे ओळखण्यांत आले. बिबट्याच्या दोन्ही कुशींवरचे ठिपके निराळे असल्यामुळें वाटेच्या दोहों बाजूंस कॅमेरे ठेवावे लागतात.

भेकराच्या किंवा शेकरूच्या अंगावर मात्र अशी स्पष्ट खूण नसते. म्हणून फणसाडमधील प्रत्येक प्राण्यास ही एकच युक्ति पुरणार नाहीं. तथापि तिच्यापासून घ्यावयाचा धडा सर्वत्र लागू आहे. या रीतीनें मिळालेली संख्या नेहमीं ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ अशी सांगितली जाते. पुष्कळांस ही कमजोरी वाटते. परंतु एका ठाम आंकड्यानें सरिस्कांत काय झालें, तें आपण पाहिलेंच आहे.