अश्मगर्भी फळे

ज्या गरयुक्त फळात फलावरणाचा सर्वांत आतला थर कठीण होऊन बीभोवती कवच धरतो, त्याला अश्मगर्भी किंवा आठळीचे फळ म्हणतात. किंजपुटाच्या भिंतीपासून बनलेल्या फलावरणाचे यात तीन थर ओळखू येतात : बाहेरची साल, मधला बहुधा रसाळ गर आणि आतली आठळी. आठळीच्या पेशींत लिग्निन साचून त्या मरतात, त्यामुळे तिला टणकपणा येतो. बोर खाऊन जी ‘बी’ थुंकतात ती खरे तर फळाचाच भाग असते; बी तिच्या पोटात असते.

फळबागशास्त्रात ही संज्ञा मुख्यतः प्रूनस प्रजातीच्या पीच, आलुबुखार, जर्दाळू, चेरी यांना लावतात. त्यांच्या बहुतेक वाणांना कळ्या फुटण्यापूर्वी दीर्घ थंडी लागते. वाशीम जिल्ह्यात ती मिळत नाही. तरीही अशा फळांची येथे वाण नाही. शेताच्या धुऱ्यावर, अंगणात आणि काटेपूर्णा अभयारण्याच्या पानझडी रानात ती वेगवेगळ्या कुलांतून येतात.

आंब्याची कोय बाहेरून तंतुमय असून आत एकच बी असते. कोय धरू लागली, की कैरीच्या फोडींना लोणच्यात टिकण्याइतका कणखरपणा येतो. लोणच्याची कैरी म्हणूनच कोवळी घेत नाहीत. बोराच्या आठळीत सहसा दोन कप्पे असतात. कडुनिंबाची निंबोळी, भोकराचे चिकट बुळबुळीत फळ आणि चारोळी ज्यातून निघते ते चार, ही सर्व याच प्रकारची.

या गटातले सर्वांत विलक्षण फळ बिब्याचे. ते आंब्याच्याच कुलातले. त्याचा देठाकडील भाग फुगून नारिंगी, मांसल होतो. तो वाळवून खातात. खरे फळ त्याच्या टोकाशी असते व पिकल्यावर काळे पडते. काजूतही रचना अशीच. बिब्याच्या फलावरणातील पोकळ्यांत दाहक तेल असते. ते कातडीला लागले की फोड उठतात. धोबी कपड्यांवर न पुसणारी खूण करण्यासाठी तेच वापरत. आतला मगज, म्हणजे गोडंबी, मात्र खाद्य असून डिंकाच्या लाडवांत घालतात. ती काढण्यासाठी बिबे एकेक करून फोडावे लागतात आणि उडणाऱ्या तेलाने हात भाजतात. गोडंबीच्या भावाचा विचार करताना ही किंमतही धरायला हवी.

शोभेच्या झाडांत पिवळी कण्हेर किंवा बिट्टी सर्वपरिचित आहे. तिचे कोनदार हिरवे फळ पिकल्यावर काळे होते. तिच्या आठळ्या मुले खेळायला घेतात, पण झाडाचे सर्व भाग, विशेषतः बिया, हृदयावर परिणाम करणाऱ्या विषाने भरलेले असतात. शाळांच्या आवारात लावतात तो देशी बदामही अश्मगर्भीच. खऱ्या बदामाशी मात्र त्याचे नाते नाही. कुंपणाच्या दुरांट्याच्या पिवळ्या फळात एकाऐवजी चार लहान आठळ्या असतात.

एकच मोठी बी दिसली म्हणून फळ अश्मगर्भी ठरत नाही. जांभळात बीभोवती दगडी कवच नसते. खजूरही मृदुफळात मोडतो : त्याची कठीण बी ही बीच असते. सीताफळ तर एकाच फुलातील अनेक किंजपुटे एकत्र येऊन झालेले घोसफळ.

लागवडीत आठळी अडसर ठरते. सागाच्या फळाची आठळी चार कप्प्यांची व जाड असल्याने रोपवाटिकेत फळे आळीपाळीने भिजवून वाळवतात, मगच पेरतात. बोराची आठळी हलकेच फोडून पेरल्यास उगवण लवकर होते. अशा गावठी रोपांवर उमराणसारख्या वाणांचे डोळे भरतात. आंब्याचे उलट आहे. त्याची बी वाळली की मरते, म्हणून कोय फळ खाल्ल्यावर थोड्याच दिवसांत मातीत जावी लागते. रोपाची पाने तांबूस असतानाच त्यावर हव्या त्या झाडाची काडी बांधतात. यालाच कोय कलम म्हणतात.