कारखान्यातला हात आणि घरातला हात

रोज कमवावे तेव्हा रोज खावे, अशी ज्याची स्थिती असते त्याचे 'हातावर पोट आहे' असे आपण म्हणतो. कामगार चळवळीत उभी हयात घालविल्यावर आम्हांस आता असे वाटू लागले आहे की, ह्या शब्दप्रयोगाने आमची दृष्टी काहीशी एकांगी केली. हाताकडे पाहिले की आम्हांला पोट दिसते, हात दिसत नाही. हात मजुरी मिळवितो हे खरेच आहे. परंतु तोच हात सकाळी शर्टाची बटणे लावतो, पायजम्याची नाडी बांधतो, कांदा चिरतो, तांब्या उचलतो आणि लेकराच्या तोंडात घास घालतो. हा जो घरातला हात, तो गेला म्हणजे काय होते आणि त्याची उणीव भरून काढण्यासाठी माणसाने कोणकोणती साधने केली, त्याचा थोडा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम कायद्याचे पाहू. आपल्या देशात कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो अंमलात आला. त्याला जोडलेल्या परिशिष्टात एक कोष्टक आहे. अंगठा गेला तर ३० टक्के, एका हाताची चार बोटे गेली तर ५० टक्के, दोन्ही हात गेले तर १०० टक्के. हे टक्के कशाचे? तर कमावण्याच्या शक्तीचे. पुढे २००९ च्या दुरुस्तीने कायद्याच्या नावातला शब्द बदलला, २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने तो कायदाच आपल्या पोटात घेतला. पण हिशेबाची रीत तीच राहिली. आम्ही ह्या कोष्टकाची निंदा करीत नाही. ते नव्हते तेव्हा तुटलेल्या हाताची किंमत मालकाच्या मर्जीवर होती. तथापि ह्या कोष्टकात यंत्रापुढे उभा राहणारा हात मोजला आहे. घरी परत गेलेल्या हाताला त्यात रकाना नाही.

ही गोष्ट आमच्या ध्यानात फार उशिरा आली. एका कारखान्यात प्रेसवर काम करणाऱ्या आमच्या सभासदाची उजव्या हाताची चार बोटे गेली. आम्ही दावा लढविला, ५० टक्क्यांच्या हिशेबाने रक्कम मिळविली, आणि सांगावयास लाज वाटते, पण त्या दिवशी युनियनच्या कचेरीत पेढे वाटले गेले. पुढे सहासात महिन्यांनी आम्ही सहज त्याच्या घरी गेलो. बायको कामावर गेली होती. त्याने आम्हांला पोहे करून घातले. ओट्यावर एक लाकडी फळी होती. तिच्यात खालून दोन खिळे ठोकून त्यांची टोके वर काढलेली, आणि दोन कडांना बोटभर उंचीच्या पट्ट्या मारलेल्या. त्याने कांदा खिळ्यांवर दाबून बसविला आणि डाव्या हातातल्या सुरीने चिरला. पावाचा तुकडा पट्टीला टेकवून त्याला लोणी लावले. आम्ही विचारले, "हे कुठून आणलेस?" तो म्हणाला, "भाऊ, हे विकत मिळते होय? आम्हीच केले."

ते विकत मिळत होते. नुसते मिळत होते असे नव्हे, तर परदेशांत कित्येक दशके अशा फळ्या एका हाताने काम करणाऱ्यांसाठी तयार होत आल्या होत्या. जो शोध जगात अगोदरच लागलेला होता, तो त्या माणसाला उरलेल्या एका हाताने पुन्हा लावावा लागला. आणि त्याचे प्रतिनिधी म्हणविणाऱ्या आम्हांला त्याचा पत्ताही नव्हता! त्या दिवसापासून आम्ही हा विषय वाचू लागलो.

अशा साधनांचा इतिहास जुना आहे. इंग्रज नौसेनापती नेल्सन ह्याचा उजवा हात जुलै १७९७ मध्ये टेनेरिफच्या लढाईत गेला. त्यानंतर तो एकाच दांड्याला सुरी आणि काटा असलेले हत्यार जेवताना वापरीत असे. तसल्या सुरीला आजही त्याचेच नाव आहे. नेल्सनला नोकरांची वाण नव्हती. तरीही आपल्या ताटातला तुकडा आपणच कापावा, असे त्याला वाटले. ह्यातच ह्या साधनांचे मर्म आहे. त्याच्याही आधी, १७८६ साली, बेंजामिन फ्रँकलिनने वरच्या फळीवरची पुस्तके काढण्यासाठी एक 'लांब हात' बनविला. काठीच्या टोकाला दोन बोटांसारख्या पट्ट्या आणि त्या आवळण्यासाठी दोरी. त्या वेळी त्याचे वय ऐंशी वर्षांचे होते. आज खाली पडलेली वस्तू न वाकता उचलण्याचा जो चिमटा मिळतो, तो ह्याच घराण्यातला.

परंतु ही एकेकट्या माणसांची कल्पकता झाली. ह्या प्रश्नाला शास्त्राचे रूप आले ते पहिल्या महायुद्धानंतर, आणि तेही अशा बाजूने की जिच्याकडे आम्ही युनियनवाले संशयानेच पाहत आलो. कामगाराच्या पाठीशी घड्याळ घेऊन उभा राहणारा साहेब आम्हांला चांगला ठाऊक आहे. मुंबईत १९२८ साली दीड लाखांच्या घरात गिरणी कामगार सहा महिने संपावर राहिले, ते एकाच माणसाच्या गळ्यात अधिक माग आणि अधिक चात्या बांधणाऱ्या योजनेविरुद्धच. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर घड्याळाने वेळ मोजत होता, त्याच काळात फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ हे पतिपत्नी कॅमेऱ्याने हालचाली मोजू लागले. फ्रँक स्वतः तरुणपणी विटा रचणारा गवंडी होता. एक वीट रचण्यास लागणाऱ्या १८ हालचालींच्या ठिकाणी साधारण ५ पुरतात, हे त्याने दाखवून दिले. मालकांनी ह्यातून काय घेतले, ते सांगावयास नकोच.

पण युद्धातून हातपाय गमावलेले सैनिक परत येऊ लागले, तेव्हा ह्या जोडप्याने तोच हिशेब उलटा मांडला. कामाला कोणकोणत्या हालचाली लागतात हे एकदा कळले, म्हणजे माणसाजवळ जी हालचाल उरलेली नाही ती वगळून कामाची आणि हत्याराची रचना करता येते. माणूस यंत्राला जुळवावयाचा नाही, यंत्र माणसाला जुळवावयाचे. १९२० साली ह्या विषयावर त्यांचे पुस्तक निघाले. १९२४ साली फ्रँक वारला. मोठा संसार अंगावर असलेल्या लिलियनबाईंना स्त्री म्हणून कारखानदार काम देईनात, तेव्हा त्या स्वयंपाकघराकडे वळल्या. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी हृदयविकार झालेल्या गृहिणींसाठी स्वयंपाकघर आखले. बसून काम करता यावे, नेहमीचे जिन्नस हात लांबवताच मिळावेत, जड भांडे उचलावे न लागता सरकवता यावे, आणि दहा खेपांऐवजी चाकांच्या गाडीवरून सारे एका खेपेत न्यावे. ज्या मोजमापाने गिरणीत माणसाचा घाम अधिक निघाला, त्याच मोजमापाने चुलीपाशी एका दुबळ्या जीवाचा श्वास वाचविला. दोष मोजमापाचा नव्हता. ते कोणासाठी मोजले जाते, हाच प्रश्न होता.

हे वारे आपल्याकडेही आले, आणि आले ते थेट गिरणगावात. जन्माने अमेरिकन आणि विवाहाने महाराष्ट्रीय अशा श्रीमती कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची भारतातली पहिली शाळा सुरू केली. ह्यातल्या 'व्यवसाय' शब्दाने कोणी फसू नये. अंघोळ, कपडे, जेवण, स्वयंपाक, लिहिणे, म्हणजे ज्यांत माणूस दिवसभर व्यापलेला असतो ती सर्व कामे त्यात येतात. बटणाच्या काजातून बटण ओढून घेणारा तारेचा आकडा, बोटे मिटत नसतील तर चमच्याला बांधावयाचा जाड दांडा, खांदा उचलत नसेल तर लांब दांड्याची फणी, ह्यांचा विचार करणे हे ह्या विद्येचे रोजचे काम. परळच्या रस्त्यांवरून आमच्या चळवळीचे किती मोर्चे गेले! पण भरपाईचा दावा लढविताना ह्या मंडळींना साक्षीला बोलवावे, असे आमच्या मनात आले नाही.

आता कोणी म्हणेल, परदेशी वस्तू आणून द्या म्हणजे झाले. तसे होत नाही, आणि ह्याचा मोठा दाखला जयपूरचा आहे. परदेशी घडणीचा कृत्रिम पाय बुटात घालून खुर्चीवर बसणाऱ्यासाठी केलेला होता. आपला माणूस उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो, अनवाणी चिखलात उतरतो. मिळालेला पाय घरात पडून राही. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि फारशी शाळा न शिकलेले कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास रबराचा, बुटाशिवाय चालणारा, वाकणारा पाय सिद्ध केला. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. मास्टर रामचंद्रांचे नाव मात्र मागे राहिले. कारागिराच्या बाबतीत असे का होते, हे ह्या सभागृहातल्या कामगारांना सांगण्याची गरज नाही.

आपल्या घरातल्या वस्तूंकडेही ह्याच नजरेने पाहावे. आपली विळी घ्या. सुरीने चिरताना एका हाताने भाजी धरावी लागते आणि दुसऱ्याने सुरी. विळीत पाते पायाखाली स्थिर राहते आणि भाजी पात्याकडे जाते. एक वस्तू पक्की बसवावी म्हणजे एक हात मोकळा होतो, हे त्या खिळ्यांच्या फळीमागचे तत्त्व आपल्या आजीच्या विळीत आधीच होते. मात्र ज्याला जमिनीवर बसता येत नाही, त्याला विळी परकी होते. तिचे पाते ओट्याला आवळून बसविले तर तिचाही उपयोग होईल. परातीखाली ओला फडका घातला की कणीक मळताना परात फिरत नाही. काडेपेटीला दोन हात लागतात, शेगडीच्या लायटरला एक पुरतो. गोल फिरवण्याच्या नळाऐवजी दांडीचा नळ बसविला तर तो कोपरानेही उघडतो. शौचकूपाजवळ भिंतीत एक मजबूत दांडा बसविला, तर एक म्हातारा माणूस दुसऱ्याला हाक न मारता उठतो. ह्यात महाग असे काय आहे?

महाग होते ते 'रुग्णासाठी' अशी चिठ्ठी चिकटली म्हणजे. ह्यावरचा तोडगाही इतिहासात आहे. अमेरिकेत सॅम फार्बर ह्या व्यापाऱ्याच्या पत्नीला संधिवातामुळे साल काढण्याची सोलणी धरवेना. तेव्हा जाड, मऊ, न निसटणाऱ्या मुठींची स्वयंपाकाची हत्यारे त्याने १९९० साली बाजारात आणली. ती औषधाच्या दुकानात न ठेवता सर्वांच्या दुकानात ठेवली, आणि धडधाकट हातांनीही ती उचलली. दुबळ्या हाताला जे सोयीचे, ते सगळ्याच हातांना सोयीचे असते.

आपल्याकडे १९८१ पासून अपंगांना साधने मिळवून देणारी केंद्र सरकारची योजना आहे, आणि २०१६ च्या कायद्याने ह्या गोष्टी दयेच्या यादीतून हक्काच्या यादीत आणल्या आहेत. पण हक्क कागदावरून ओट्यापर्यंत आपोआप चालत येत नाही. तो आणावा लागतो.

म्हणून आम्ही आमच्या मागणीपत्रात एक नवे कलम घातले आहे. अपघातात अपंगत्व आलेल्या कामगाराच्या घरी कारखान्याच्या खर्चाने व्यवसायोपचाराचा जाणकार जावा, घरात काय बदलावे आणि काय आणावे ह्याची यादी त्याने त्या कामगाराला विचारून करावी, आणि त्या वस्तू भरपाईच्या रकमेखेरीज मिळाव्यात. वाटाघाटीच्या टेबलावर आम्हांला विचारण्यात आले, "शर्टाच्या बटणाशी युनियनचा काय संबंध?" कलम अद्याप मान्य झालेले नाही. त्या प्रश्नाला त्या दिवशी आम्ही नीट उत्तर देऊ शकलो नाही, म्हणूनच हा सारा इतिहास येथे सांगितला. जो हात कारखान्यात गेला, तो घरातूनही गेला. भरपाई अर्ध्याच हाताची घ्यावयाची, हे आता आम्हांला मान्य नाही.